जयगडच्या चढावर अडकलेला गिअर
कुणाच्या गाडीचा गिअर कर्र वाजला की मला जयगडचा चढ आठवतो. तापलेला जांभा, काजूचा वास आणि गिअर पडेना म्हणून अडलेली गाडी. नवरा आखातात, मी नुकती गाडी शिकलेली. “गिअरबॉक्सच उतरवावा लागणार,” मी म्हटलं. माझ्यावर भरवसा नाही म्हणून नेहमी मागे बसणारे सासरे म्हणाले, “बाय, इंजिन बंद करून गिअर टाक बघू.” सगळे गिअर अलगद पडले. “मग गिअरबॉक्स कशाला उतरवायचा? क्लच सुटत नाय, म्हणून आतले दाते फिरतच राहतात.” जहाजाच्या इंजिनरूममध्ये मुरलेल्या हातांनी त्यांनी क्लचची ढिली केबल आवळली आणि पहिल्यांदाच पुढे, माझ्या शेजारी येऊन बसले. आता मुलगी गाडी शिकतेय. मी पहिल्या दिवसापासून पुढेच बसते.