सातव्या प्रकरणातली स्वयंपाकीण

अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या आमच्या बुक क्लबात आम्ही पाच जणी. जिच्या घरी बैठक, तिनं पुढचं पुस्तक निवडायचं. पण चालू पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर तिची निवड गेली. त्या शनिवारी बैठक माझ्याकडे होती. एवढ्यासाठी मी पाच महिने थांबले होते.

पुस्तक भुताटकीच्या बंगल्याचं. समुद्रावरचं धुकं, ओलीनं फुगलेली दारं आणि घरमालकाच्या प्रेमात पडलेली शिक्षिका. मुलीच्या स्विमिंग क्लासबाहेर गाडीत बसून मी ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं. खोटं कशाला बोलू, तो तिचा हात धरतो तिथे मीही विरघळले. पण सातव्या प्रकरणात स्वयंपाकीण बटाटे आणायला तळघरात उतरते, ती वर येतच नाही. सकाळी नाश्ता वेळेवर टेबलावर. कोणी केला, कोणी विचारत नाही. खरी टरकले मी तिथे.

क्लब सुरू करणाऱ्या ताई म्हणाल्या, "काय रोमँटिक आहे ना!"

मी स्वयंपाकिणीचं काढलं.

"कोण स्वयंपाकीण? अगं, इंग्लिश हेवी आहे त्याचं. तुझं मराठी मीडियम, काहीतरी मिक्स झालं असेल. पूर्ण वाचलंस ना नक्की? नाहीतर या वेळी मी निवडते, नो प्रॉब्लेम."

बाकीच्या तिघी सामोशांकडे बघत बसल्या. माझ्या कॉलेजच्या फॉर्मसाठी माझी आई सही करायला शिकली. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि ही बाई मला वाचलंस का विचारते! मी सातवं प्रकरण उघडून पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं.

"वाचा ताई. मोठ्यानं."

तीन ओळींत त्या थांबल्या. "मी ऑडिओ ऐकला यार, दीडपट स्पीडनं. स्वयंपाक करताना. निसटलं असेल."

"मी तर नुसता समरीचा व्हिडिओ पाहिला बाप्पा," आमच्यातली नागपूरची बोलून गेली.

"इतकं काय चिडायचं?" ताई म्हणाल्या. "हॉरर आहे, कोणीतरी मरणारच."

"मरू दे की. पण तिला कोणी शोधलंसुद्धा नाही."

मग मी माझं पुस्तक सांगितलं. मराठी, चारशे पानांचं, ऑडिओ नसलेलं.

"पुढच्या महिन्यात मला जमणं कठीण आहे हं," ताई म्हणाल्या.

"मग नका येऊ."

पुढच्या बैठकीला ताई आल्या नाहीत, दुसऱ्या दोघींनीही कॅन्सल केलं. नागपूरची आली, तीनशे पानं वाचून आणि पुस्तकावरून भांडायच्या तयारीनं.