कौशल्याबाई आणि भोंग्यावरचा दिनविशेष

सिहोऱ्याचा डांबरी रस्ता सोडून आत वळलं की तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, जे गाव लागतं, तिथं दिवस उजाडतो तो मधुकररावांच्या खाकरण्यानं. ग्रामपंचायतीच्या छपरावर भोंगा आहे. आणला होता करवसुलीच्या आणि लसीकरणाच्या सूचना द्यायला. पण जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन मधुकरराव रहांगडाले गावी परतले आणि त्यांनी भोंग्याचा कब्जा घेतला. रोज सकाळी माईकवर दोन टिचक्या मारायच्या आणि सुरू व्हायचं, “नमस्कार मंडळी. आजचा दिनविशेष.” मग कुठल्या देशात कुठला राजा मेला, कुठं तह झाला, कुणी कुठलं यंत्र काढलं. हे सगळं त्यांच्या मोबाइलवर आयतं येतं. ते फक्त वाचतात, पण आवाज असा लावतात, जणू तो तह त्यांच्याच ओसरीवर चहा पिता पिता झाला.

भोंग्याचं तोंड नेमकं कौशल्याबाईच्या अंगणाकडं. सत्तरी ओलांडली तरी धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायकांची टोळी अजून तीच हाकते, आणि जीभ तर पहिल्यापासूनच धारेची. एप्रिलात एकदा मोठं जहाज बुडाल्याची बातमी भोंग्यानं सांगितली, तेव्हा ती सडा टाकता टाकता शेजारणीला म्हणाली, “बुडून शंभर वर्सं झाली अन हा आज सांगून राहिला. तलावात म्हैस अडकली तं कवा सांगन हा?” शेजारीण हसली. भोंग्याला काय त्याचं!

एक जुलैला तर कहर. त्या दिवशी मधुकररावांनी जगातल्या थोरामोठ्यांचे वाढदिवस वाचले आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, “आजच्याच दिवशी आपल्या गावचे सुपुत्र मधुकरराव रहांगडाले यांचाही जन्म झाला.” मग पंचायतीत केक कापला. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म कागदावर एक जुलैचाच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख वाटून टाकली होती. म्हणून एक जुलैचे बाकीचे सुपुत्रही केक खायला गेले, आणि एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कौशल्याबाई गेली नाही. तिचा जीव गिरजाबाईत अडकला होता. गिरजाबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. उन्हाळ्यापासून ती खाटेला खिळली होती, आणि तुमसरच्या डॉक्टरनं आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. कौशल्याबाई रोज जाऊन तिला पेज पाजायची. एका सकाळी भोंगा सांगत होता की आजच्या दिवशी माणसानं चंद्रावर पाऊल ठेवलं. तेव्हा गिरजाबाई हळूच म्हणाली, “कौसल्या, आपून पाळीवर गेलो होतो, ते कोणी सांगत नाई व.”

एवढंच बोलली. पण कौशल्याबाईच्या काळजाला ते लागलं.

पाळीची गोष्ट अशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद असते. पहाटेच गावातली माणसं शिवेवर जातात आणि ‘इडा पिडा घेऊन जाय गे नारबोद’ म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडतात. त्या वर्षी रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी अर्धे पुरुष शिवेवर इडापिडा हाकलत होते, आणि उरलेले पोळ्याच्या संध्याकाळपासून पत्ते कुटत बसले होते ते अजून उठलेच नव्हते. खरी पिडा इकडे पाळीला भोक पाडून गावात शिरायला बघत होती. गिरजा धुणं घेऊन तलावावर गेली, तिनं ते पाहिलं. धुण्याचं गाठोडं तिनं तसंच त्या भगदाडात कोंबलं आणि हाका मारल्या. कौशल्या, निर्मला, सुगरता आणि रुखमिणी धावल्या. कौशल्याच्या पोटात तेव्हा तिचा मुलगा विनोद होता. धानाच्या वाळल्या काड्यांच्या, तणसाच्या पेंढ्या, चिखल, घमेल्यामागून घमेली. आणि तणस वाहून जाऊ नये म्हणून गिरजा कमरेइतक्या पाण्यात पाठ लावून उभी राहिली. पाळ वाचली, खालचं धान वाचलं, गाव वाचलं. गिरजाची पाठ मात्र नंतर कधी सरळ झाली नाही.

पुरुष उन्हं वर आल्यावर आले. त्यांनी वरून चार टोपल्या माती टाकली, मिशा पुसल्या आणि पुढच्या वर्षी पाळीवर दगड बसवला. दगडावर पाच नावं कोरली, पाचही पुरुषांची. पहिलं नाव मधुकररावांच्या वडिलांचं. ते त्या सकाळी पत्त्यांच्या डावात जिंकत होते, असं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणत मात्र कुणी नाही, कारण दगडावर नाव असलेल्या माणसाबद्दल बोलायला गावाची जीभ जड होते.

पाळ वाचवणाऱ्या पाचजणींतल्या तिघी गेल्या. उरल्या कौशल्या आणि गिरजा. कौशल्याबाईला स्वतःच्या नावाची हौस नव्हती. पण हे जग सोडण्याआधी गिरजेनं आपलं नाव त्या भोंग्यावर, आपल्या कानांनी, एकदा ऐकावं, एवढं तिच्या मनानं घेतलं. त्याच दिवशी ती रोवणीवरून परतताना, चिखलाच्या पायांनीच पंचायतीत शिरली.

“मधुकर, रोज देशोदेशीचे मेले-जगले सांगतं. आमची पाळीची गोष्ट सांग ना एक डाव.”

मधुकररावांनी चष्मा नाकावर खाली ओढला. “काकू, दिनविशेषाले तारीख लागते. तारीख सांगा.”

“नारबोदीच्या दिवशी.”

“ते तारीख नोहे. नारबोद दरवर्षी सरकते. साल कोणतं?”

“विनोद पोटात होता ते.”

मधुकरराव शहाण्या माणसासारखे हसले. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहून आलेल्या माणसाला असं हसता येतं. “असं चालत नाई, काकू. इतिहासाले पुरावा लागते. हे इंटरनेटवर कोठीच नाई. अन दगडावर तं वेगळीच नावं आहेत.”

“दगडावर तुह्या बापाचं नाव आहे, म्हणून तुही जीभ अडकून राहिली.”

“वडिलांवर जाऊ नका.”

“नाई जात. तुह्यावर येतो.” कौशल्याबाईनं पदर खोचला. “तू भाऊबीजेच्या दिवशी झाला लेका. मी बारा वर्साची होती, तुह्या मायले गरम पानी मीच नेऊन देल्लं. बाहेर दिवे लागले होते. अन तू भर रोवणीत एक जुलैले केक कापतं! गुरुजीनं देल्लेली खोटी तारीख भोंग्यावर चालते, अन आमची खरी नारबोद चालत नाई?”

बाहेर सातबाऱ्यासाठी आलेली दोन माणसं फिसकन हसली. मधुकररावांचे कान लाल झाले. पुराव्याचा विषय त्यांनी तिथंच सोडला. पण मान खाली घालायची म्हणजे काहीतरी अट घालूनच घालायची, हा त्यांचा स्वभाव.

“बरं, वाचतो,” ते म्हणाले. “पण नारबोदीलेच वाचीन. दिनविशेष म्हणजे त्या दिवशीचा विशेष. आज वाचून त्याले अर्थ नाई.”

नारबोद महिन्याच्या वर लांब होती. गिरजेचं काही खरं नाही, आजच वाच, असं कौशल्याबाईनं सांगून पाहिलं. पण मधुकररावांना नियम सापडला होता, आणि अशा माणसाला नियम सापडला की माणूस दिसेनासा होतो. कौशल्याबाई त्यांना जे बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तरी तिनं गिरजाबाईला जाऊन सांगितलं. गिरजाबाईनं सुनेला खाट ओसरीवर, भोंग्याच्या बाजूला सरकवायला लावली. तेव्हापासून सकाळी माईकवर टिचक्या वाजल्या की ती डोळे उघडायची. कुठला तरी पूल बांधला गेलेला असायचा, कुठली तरी लढाई संपलेली असायची. ती सगळं शेवटपर्यंत ऐकायची आणि विचारायची, “आपलं झालं काय?” कौशल्याबाई म्हणायची, “होते व, होते. नारबोद येऊ दे.” असं म्हणताना तिला मधुकररावांचा इतका राग यायचा की ती पेजेचा चमचा वाटीवर आपटायची.

झेंड्याचा दिवस झाला. भोंग्यानं स्वातंत्र्याचा सगळा इतिहास दोनदा सांगितला. त्यानंतर तीनचार दिवसांनी, सकाळी, कौशल्याबाई पेज घेऊन गेली तेव्हा गिरजाबाई थंड पडली होती. तोंड भोंग्याकडेच होतं.

थोड्या वेळानं माईकवर दोन टिचक्या वाजल्या. “नमस्कार मंडळी. कळवण्यास अत्यंत दुःख होते की, गावातील श्रीमती गिरजाबाई यांचे आज निधन झाले आहे. अंत्ययात्रा दुपारी निघेल.” मधुकररावांनी ते मोठ्या गहिवरानं, नाव दोनदा घेऊन वाचलं. मग लगेच म्हणाले, “आता आजचा दिनविशेष.”

कौशल्याबाई ओसरीवरून उठली. तिच्या पायात चप्पल नव्हती. पंचायतीच्या पायऱ्या ती कशी चढली ते तिलाही आठवत नाही. मधुकररावांनी तिला पाहिलं आणि माईकवर हात ठेवून कुजबुजले, “काकू, नारबोद अजून यायची आहे.” तिनं त्यांचा हात उचलून बाजूला केला, जशी ताटावर बसलेली माशी बाजूला करावी.

“मी कौशल्या बोलून राहिली,” ती माईकमध्ये म्हणाली. भोंगा किंचाळला. रोवणीला निघालेल्या बायका रस्त्यात थांबल्या. “ज्या नारबोदीले पाळ फुटत होती, त्या दिवशी पाळ कोणी बांधली, ते सांगतो. गिरजानं बांधली. निर्मलानं, सुगरतानं, रुखमिणीनं बांधली, अन मी होती. दगडावर जे आहेत, ते पत्ते खेळत होते नाई तं शिवेवर बोंबलत होते. गिरजा पाण्यात उभी राहिली म्हणून तुमी आज उभे आहात.”

मधुकरराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

“तिले हे ऐकाचं होतं,” कौशल्याबाई म्हणाली. आवाज फाटला, पण ती थांबली नाही. “ह्या मधुकरले तारीख पाह्यजे होती. घे रे, आता पक्की तारीख भेटली तुले. आजची. आज गिरजा वाट पाहून पाहून मेली, हे पुढच्या वर्सी वाचजो.”

बटण बंद न करताच ती पायऱ्या उतरली. माईक चालूच होता. मधुकररावांनी घसा खाकरला, तो साऱ्या गावानं ऐकला. त्या दिवशीचा दिनविशेष राहूनच गेला.