एका जागी ठेवलेली पाळी

आपल्या अड्याळच्या घरी माडीवर भाड्याने राहणारी मुलगी कुठलीही गोष्ट दोन जागी ठेवत नसे. खोलीची किल्ली एकच, घड्याळही एकच. आम्ही तिला 'वरची' म्हणायचो. ती लाखांदूरची, घरी बसून वेबसाइटची पानं बनवायची. माझ्याकडची तीन घड्याळं तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतात. ती खाली आली की विचारायची, "आजी, यातलं खरं कोणतं?" जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, टापटिपीचा अभिमान बाळगला, पण खरी वेळ मी तिच्याच घड्याळात बघे.

काम सुरू करण्याआधी ती कागदावर चौकटी काढी. पानाचा एकेक भाग म्हणजे एक चौकट. मग प्रत्येक बाबीवर बोट ठेवून स्वतःलाच विचारी, "हे किती जणांले माहीत पाहिजे?" एकाच चौकटीला लागणारं तिच्याच पोटात राही, अनेकींना लागणारं सगळ्यांच्या वर, एका जागी. मी चहा निवेपर्यंत बघत बसे.

तलावाचं पाणी कोणाच्या शेताला कधी, त्या पाळीचं पान तिनेच गावाला करून दिलं होतं. ऐन रोवणीत, भातलावणीच्या दिवसांत, एका सकाळी गावातली शेतकरीण सीताबाई फोन घेऊन आली. पाळी तिची होती, पण शेजारच्या भाऊरावच्या फोनवरही 'पाणी तुमचं' असंच होतं आणि त्याने नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी आपल्या शेतात वळवलं होतं. सीताबाईची भाताची रोपं लावण्यासाठी उपटून बांधावर पडलेली, आणि शेत कोरडं.

"माहे परे वाळून जातीन, पोरी. खरं कोणाच्या फोनातलं?"

"तुमच्या. चूक माही आहे, काकू."

एवढंच बोलून वरची आधी भाऊरावच्या शेतावर गेली, त्यालाही तेच सांगितलं आणि पाणी सीताबाईकडे वळवून घेतलं. चिखलाच्या पायांनी परतली नि कामाला बसली. लवकर व्हावं म्हणून तिने प्रत्येक चौकटीत पाळीची वेगळी नक्कल ठेवली होती. एकीत पाळी बदलली, दुसरीत जुनीच राहिली. मला वाटलं, आता ही पुष्कळ काही लिहील. ती तर पुसतच होती. पाळी एकाच जागी उरली. चौकटींनी तिथून फक्त वाचायचं. अक्षर लहान की मोठं, हे मात्र ज्याचं त्याच्या फोनात.

संध्याकाळी सीताबाई, भाऊराव आणि मी ओट्यावर फोन धरून बसलो. वरचीने पाळी बदलून पाहिली. तिन्ही फोनांवर ती एकदम बदलली. सीताबाई म्हणाली, "अक्षर माहे मोठे, पाळी साऱ्याईची."

गेल्या महिन्यात वरची नोकरीसाठी हैदराबादला गेली. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आजी, पोराले सांगता गुडघा बरा आहे, पोरीले सांगता चालवत नाही. गुडघा दोन जागी ठेवून राहिल्या तुम्ही."

म्हणून हे पत्र तुम्हा तिन्ही नातवंडांना अक्षरशः एकच आहे; आपापल्या आईबाबांनाही हेच वाचून दाखवा. गुडघा दुखतो. जिना चढवत नाही. माडीवर पावलं वाजत नाहीत, त्याचं जे काही वाटतं, ते तेवढं माझ्यापुरतं.