दोन बोटांची गाळणी

माझा स्वभाव मुळातच उतावळा. घरी मला ‘गुडघ्याला बाशिंग’ म्हणतात, ते काही खोटं नाही. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी ट्रकच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळते. माउसला हात लावायचा म्हटलं तरी माझं डोकं फिरतं, म्हणून गाड्यांच्या नोंदीही मी कोड एडिटरमध्येच उघडते आणि त्यातले शॉर्टकट मी मोडून-तोडून माझ्या बोटांना बसवून घेतलेत. कंट्रोल आणि जे दाबलं की हव्या त्या शब्दाच्या ओळी तेवढ्या राहतात, बाकीच्या लपतात. लावलेला फिल्टर मी काढेपर्यंत तसाच राहतो, कारण तोच शब्द पुन्हा टाइप करायचा मला कंटाळा. फिल्टर चालू असला की वर एक पिवळी पट्टी यायची. जागा खाते म्हणून तीही मी काढून टाकली.

त्या सकाळी मी उरणच्या गाड्या बघत होते, तेवढ्यात आपट्याहून आमच्या एका ड्रायव्हरची बायको दिराच्या बाइकवरून धावतपळत आली. नवरा पहाटे पुण्याकडे निघालेला, फोन बंद, आणि घाटात ट्रक उलटल्याची बातमी तिने मोबाइलवर पाहिलेली.

“घाट वलांडला काय त्यांनी, येवढंच बगा ना, ताई.”

मी गाडीचा नंबर टाकला. एकही ओळ नाही.

“आज काहीच नोंद नाही हो,” मी म्हणाले. ती पाणीही न पिता उठली आणि पुन्हा दिराच्या बाइकवर बसून घाटाकडे निघाली.

मला बसवेना. पुण्याहून आलेला एक ट्रक समोर गेटात उभा होता, उगाच त्याचा नंबर शोधला. तोही नाही! गेटात उभ्या गाडीची नोंद नाही, असं होणारच नाही. बघते तर फिल्टर अजून उरणवरच होता, मी फक्त उरणच्या ओळींत शोधत होते. तो काढला, तर तिच्या नवऱ्याची गाडी तासाभरापूर्वीच तळेगावच्या गोदामात पोचलेली. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

लगेच तिला फोन लावला. बाइक थांबवून तिने ऐकलं आणि रडायलाच लागली.

“नोंद नाय म्हनून सासूला सांगून बसले ना मी. आता ती माजं ऐकाची नाय. तुमीच सांगा.”

सासूला फोन लावून मी सगळं सांगितलं. गाडी सुखरूप पोचली, चूक माझी, आता मी नीट बघितलंय.  म्हातारी म्हणाली, “मगाशी पन तूच बगितलंस ना, बाय?”