नारळाआधीची होडी

थळच्या जागृतीला लिहिता येतं, हे अलिबागच्या कॉलेजात उघड झालं आणि पोरीचा जीव टांगणीला लागला. तोवर बरं चाललं होतं की! लेखनाच्या वर्गात तिने पहिला निबंध झोकात दिला, सागराच्या अथांगपणावर, सगळा गाइडातून उचललेला. केसर मॅडमनी विचारलं, "तुझ्या दारातून दिसतो तो हाच का गं?" मग मॅडम हात धुऊन मागे लागल्या, बघितलंस तेच लिही. ही खुळी खरंच तसं लिहायला लागली. आईची बाजारातली भांडणं लिहिली, वर्ग पोट धरून हसला, आणि हिला चव लागली.

चव लागली की माणूस थांबतोय थोडाच! एक दिवस तिने बापाचं लिहिलं.

त्यांच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी होडी पाण्यात घालत नाही. पण गेल्या वर्षी तिच्या बापाने, दिनानाथने, आदल्या दिवशीच पहाटे होडी काढली. थोरली अमिषा बाळंतपणाला आलेली, तिला ताज्या मांदेलीचे डोहाळे, आणि बापाला लेकीचं मन मोडवेना. मासे जागृतीनेच गुपचूप साफ केले. पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीला शेजारच्या दीपेशची होडी उलटली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. वाळूत होडी ओढल्याच्या खुणा लोकांनी आधीच पाहिल्या होत्या. कुणीतरी नारळाआधी गेलं म्हणून दर्या कोपला, असं ठरलं. ज्याने केलं त्याने पुढे यावं म्हणून बैठक बसली. दिनानाथ मान खाली घालून बसून राहिला.

हे सगळं पोरीने नावानिशी लिहिलं आणि फक्त मॅडमना दाखवलं! आता वर्षअखेरीला आपलं लिखाण कसं वाढलं ते प्रत्येकाने सांगायचं आणि आपला सगळ्यात चांगला निबंध वर्गात वाचायचा. "तुझा तोच," मॅडम म्हणाल्या. जागृतीच्या पाचावर धारण बसली. अहो, पहिल्या बाकावर दीपेशची बहीण रुचिता बसते!

दुसरा वाचावा, तर बाकीचे सगळे आता तिला पुचाट वाटत होते. घास गोड लागेना. शेवटी संध्याकाळी बाप जाळं दुरुस्त करत बसला होता तिथे ती गेली, "बाबा, चुकलं माझं," म्हणाली आणि सगळं वाचून दाखवलं. आता थोबाडीत बसणार, अशी तिची खात्री होती.

"बराबर लिवलंस," दिनानाथ म्हणाला. "पन बैठकीत मी गप का बसलो, त्ये न्हाय लिवलंस."

"मला ठाऊक नाही, बाबा."

"भ्यालो व्हतो. आजपन भितो. दीपेश लंगडत येताना दिसला का मी मागच्या दारानं जातो. त्ये लिव."

"मी नाही वाचत तो निबंध. फाडून टाकते."

"फाडू नको, वाच. पन त्याआधी दीपेशनं माझ्या तोंडून ऐकलं पायजे."

त्याने सदरा चढवला. "बाबा, नका जाऊ! मारतील तुम्हाला!" ती दारापर्यंत धावली. तोवर दिनानाथ शेजारच्या ओटीवर चढला होता.

"दीपेश, बस जरा. त्या पौर्णिमेचं सांगायचं हाय."

जागृतीने दारातूनच सगळं ऐकलं. बापाचं सांगून संपलं, तशी ती आत गेली आणि त्याच्या भीतीचं निबंधाखाली लिहायला बसली.