नुसत्या फुलांचा वेल

रानभाज्यांचे व्हिडिओ करताना मी भलतीच शहाणी असायचे. फवारणी झालेल्या सोयाबीनच्या बांधावरची भाजी तोडायची नाही, ओळख पटल्याशिवाय तोंडात घालायची नाही, जागा कुणाला सांगायची नाही, असं सगळं मिनिटभरात बजावायचे. घरचे म्हणत, हिच्या व्हिडिओत भाजी कमी, दमदाटीच जास्त.

हे सगळं मला शिकवलं साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या मावशीनं. पावसाळ्यात ती माळावरची करटुली तोडून कनेरगाव नाक्यावर विकायची. तिचे ते दिवस त्यावरच निघायचे. एकदा हंगामाच्या शेवटी ती विकायला गेलेली असताना मी एकटीच माळावर गेले. एका वेलाला फुलंच फुलं, करटुलं एकही नाही. मी ऐटीत फोनसमोर म्हटलं, "हा नुसता मिरवणारा. असले वेल काढून टाका, बाकीच्यांना जागा होईल." आणि कंदासकट उपटून दाखवला.

माझा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. आठवडाभर मी हवेत होते.

पुढच्या पावसाळ्यात मावशीसोबत पुन्हा माळावर गेले. वेल झकास पसरलेले, पण बोराएवढी करटुली पिवळी पडून गळून चाललेली. मावशी झुडपं उचकून काहीतरी शोधत होती.

"इथला नर कुठं गेला?"

"कसला नर?"

"नुसती फुलं येती तो येल. त्याच्याबिगर ह्या मादीच्या येलाला फळ धरत न्हाई. सगळ्या माळावर एकच होता."

मी उपटला तो हाच. गप्प बसता आलं असतं. मावशीकडे साधा बटणांचा फोन, तिनं काही पाहिलं नव्हतं. पण तिची रिकामी टोपली बघवेना. मी व्हिडिओ लावून फोन तिच्या हातात दिला. तिनं शेवटपर्यंत पाहिला.

"मला काहून न्हाई इचारलं?" एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो व्हिडिओ मी त्याच दिवशी डिलीट केला आणि चूक कबूल करणारा नवा टाकला. तो फारसा कुणी पाहिला नाही. मावशी त्या वर्षी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला गेली.

परवा बायकांच्या एका ग्रुपवर माझाच जुना व्हिडिओ फिरत फिरत आला. मी घाईघाईनं खाली लिहिलं, 'ही बाई चुकली आहे. हिचं ऐकू नका.'

कुणा अनोळखी बाईचं उत्तर आलं, 'काहून? चांगलं तर सांगून राहिली. मी आज सकाळीच दोन वेल उपटले.'