जिभेवर तपासलेला चारा

मुलीचे वडील मला बघायला येणार होते, आणि झिंगे मी स्वतः धरून खाऊ घालीन असं मी पत्रातच लिहून बसलो होतो. गावातला पहिला बी.ए. मी, झिंगे धरायला कितीसं डोकं लागणार? झिंग्यांना सडकं आवडतं एवढं ऐकून मी कोंबडीची आतडी तीन दिवस डब्यात गच्च बंद करून ठेवली.

आरमोरीजवळच्या तलावावर डबा उघडला, तसा शेजारी सापळा लावून बसलेला एक म्हातारा नाकाला पंचा लावून चार हात सरकला. त्याचा चारा म्हणजे भाजलेला कोंडा आणि मोहफुलं कुटून केलेले गोळे. पळसाच्या पानांत बांधून त्यानं ते सावलीत टांगले होते. बांबूच्या सापळ्यात गोळा टाकण्याआधी तो कणभर जिभेवर ठेवी, डोळे मिटून चघळी आणि मगच मान हलवी.

"भाऊ, तुम्हीच काऊन खाऊन राह्यले?" मी विचारलं.

"आपल्या तोंडाले जे नाई चालत, ते झिंग्याले काऊन चालन?"

मी बी.ए. झाल्याचं त्याच्या कानावर घातलं. "होते कधी कधी," तो म्हणाला, जणू मी दुखणं सांगितलं होतं. मग आपले निम्मे गोळे त्यानं माझ्या सापळ्यात टाकले.

पाहुण्यांनी झिंगे तीनदा मागून घेतले. "वा जावईबापू! हे कॉलेजात शिकवते का?"

"शिकवतात," मी म्हणालो.

म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते सांगायचा प्रश्नही आला नाही.